वासरांचं फाटक

आगटे सरांबद्दल चांगलं बोलायचं तर त्यांच्या अक्षरापासून सुरुवात करावी लागेल, आणि तिथेच थांबावं लागेल. अक्षर खरंच मोत्यासारखं होतं. बाकी या माणसाने एका शहाण्या मुलीचं एक अख्खं वर्ष खाल्लं, आणि ते वाचवायला जे एक वाक्य पुरलं असतं ते काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. तेव्हापासून ते माझ्या मनातून उतरले ते उतरलेच.

सिडनीच्या पश्चिमेकडच्या एका सरकारी विद्यापीठात मी परीक्षा विभागात काम करते. शहराच्या मध्यात जी जुनी विद्यापीठं आहेत, त्यांच्यासारखे पिवळ्या दगडाचे मनोरे आणि कमानी आमच्याकडे नव्हत्या. आमच्या कॅम्पसवर विटांच्या बैठ्या इमारती, भलंमोठं पार्किंग, एक तळं आणि बाकी सगळं गवत. मुलं यायची ती ब्लॅकटाउनची, गिरावीनची, त्याच्याही पलीकडची. बहुतेकांच्या घरातलं पहिलंच कोणीतरी युनीत आलेलं. सकाळी कामावर जाऊन दुपारी लेक्चरला बसणारी ही मुलं मला आवडायची. ती जागाही आवडायची. आगटे सरांना मात्र तिची लाज वाटायची, आणि त्यांचा सगळा इतिहास त्या लाजेतून निघाला असं माझं मत आहे.

सर मूळचे पुण्याचे. उंच, सडसडीत, बारा महिने अंगात लोकरी कोट आणि हातात लांब दांड्याची काळी छत्री. ही छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती पावसासाठी नव्हतीच. ती दिशा दाखवायला, पोरांना बाजूला करायला आणि बोलताना जमिनीवर आपटायला होती. इंजिनिअरिंगच्या मुलांना ते काँक्रीट शिकवायचे. त्यांचा एक जुना विद्यार्थी मला एकदा बँकेत भेटला. मी विचारलं, "आगटे सरांचं काय आठवतं रे?" त्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "द अंब्रेला."

शहरातल्या त्या दगडी विद्यापीठात सरांनी तीनदा मुलाखत दिली होती. हे त्यांनीच मला सांगितलं. तिन्ही वेळा म्हणे राजकारण आडवं आलं. तिथे जे मिळालं नाही ते मग त्यांनी इथे उभं करायला घेतलं. कँटीनला ते 'रिफेक्टरी' म्हणायचे. आमच्या ऑफिसमागे एक चौक होता, त्यात एसीची चार मोठी यंत्रं दिवसभर घरघरत असायची. त्याचं नाव 'क्वाड्रँगल'. "रिफेक्टरीत आज समोसा बरा आहे, क्वाड्रँगलमध्ये बसून खाऊ," हे वाक्य ते तोंडावरची सुरकुती न हलवता म्हणत. कोणी 'युनी' म्हटलं की "युनिव्हर्सिटी" म्हणून दुरुस्त करत, मग समोरचा कुलगुरू असो की कुरिअरवाला. इतकं नाकाने कांदे सोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ब्लॅकटाउनच्या हॉलमधल्या गणपतीत ते स्वतःची ओळख "आमच्या विद्यापीठाचा इतिहासकार" अशी करून देत. हे पद कोणी निर्माण केलं नव्हतं. झालं होतं एवढंच की नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात वाटायला कॅम्पसच्या इतिहासाची एक छोटी पुस्तिका हवी होती, ते काम कोणालाच नको होतं आणि सरांनी हात वर केला. टायपिंगला मला दिलं. का, तर आमची मॅनेजर म्हणाली, "यू टू स्पीक द सेम लँग्वेज." आम्ही दोघं एकच भाषा बोलत होतो हे खरं, पण तेवढंच.

आता या जागेला इतिहास नव्हता असं नाही. तो बॅरीला तोंडपाठ होता. बॅरी म्हणजे आमचा बागकामवाला, साठी उलटलेला, उन्हाने भाजून विटेसारखा झालेला. विद्यापीठाच्या आधी इथे सरकारी डेअरी होती आणि बॅरीचे वडील तिथे गाई पिळायचे. पुढे डेअरी चालू असतानाच मास्तर तयार करायचं कॉलेज आलं, तेव्हा वर्गांना खोल्याच नव्हत्या. फॅक्टरीतून सुटून बायका संध्याकाळी शिकायला यायच्या आणि गोठ्यात बाकं टाकून बसायच्या. बॅरीची आई त्यांतलीच एक. नवऱ्याने सकाळी जिथे गाई पिळल्या तिथेच ती संध्याकाळी बीजगणित शिकली आणि शाळेत मास्तरीण झाली. मी हे पहिल्यांदा ऐकलं आणि राहवलं नाही. मी धावत जाऊन सरांना सांगितलं, "सर, हे पुस्तिकेत घ्यायलाच हवं."

"गोठा?" सर म्हणाले. "वर्षाताई, पालक वाचतात हे. शेणाचा वास येईल पानांना."

आणि डेअरीच्याही आधी ज्यांची ही जमीन होती, त्या मूळच्या लोकांना त्यांनी एवढंसं एक वाक्य दिलं: 'पूर्वी येथे काही नव्हते.' हे मात्र वरच्या ऑफिसने खोडलं आणि चांगला एक परिच्छेद घालायला लावला. सर आठवडाभर घुश्शात होते.

सगळा गोठा, सगळी माणसं गाळल्यावर पुस्तिकेत घालायला उरलं काय? इमारतींची नावं आणि पार्किंगचा नकाशा. सर माझ्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. मी डबा उघडून बसले होते, कारण जेवायची वेळ उलटून गेली होती. माझ्या खिडकीतून समोर तारेचं कुंपण दिसायचं आणि त्यात एक लोखंडी फाटक. बसस्टॉपवरून परीक्षेच्या हॉलकडे यायचा तो सगळ्यात जवळचा रस्ता. फाटक सदा उघडं. सर खिडकीशी थांबले.

"लिहा," ते म्हणाले. "'संस्थेच्या अगदी आरंभीच्या काळापासून…'"

"काय, आरंभीच्या काळापासून?"

"…'अशी प्रथा आहे की पदवी मिळाल्याखेरीज कोणी विद्यार्थी या फाटकातून जात नाही. जो जातो, त्याला पदवी मिळत नाही.'"

"सर, सगळे तिथूनच जातात. आत्ता तिघं गेले."

"परंपरा कुठून तरी सुरू व्हावीच लागते, वर्षाताई. मोठमोठ्या ठिकाणी तरी काय झालं असेल? कोणीतरी पहिल्यांदा म्हणालाच असेल ना?"

मी हसले आणि टाइप केलं. म्हणजे मी त्या परंपरेच्या बारशाला जेवले आहे. शब्दशः, भाजीपोळी खात खात. पुस्तिकेच्या शेवटी 'टंकलेखन साहाय्य' म्हणून माझं नाव छापून आलं, तेव्हा मला बरंही वाटलं होतं. हे सांगितलं नाही तर मीही आगट्यांच्याच रांगेत बसेन.

बॅरीला हे कळलं तेव्हा तो ट्रॅक्टरवरून खाली उतरला. "ते फाटक माझ्या बापाने लावलंय, मेट," तो सरांना म्हणाला. "वासरांसाठी. वासरं गाईंकडे पळू नयेत म्हणून."

सर मंद हसले. "मौखिक परंपरा," ते मला मराठीत म्हणाले, "तिला पुरावा नसतो." आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी बॅरीलाच कामाला लावून ते फाटक काळं आणि टोकांना सोनेरी रंगवून घेतलं.

पुस्तिका वाटली गेली. तरी मुलं फाटकातून जातच होती. मग परीक्षांच्या आठवड्यात सर स्वतः सकाळी फाटकाशी उभे राहायला लागले. तोंडाने एक शब्द नाही. कोणी आलं की छत्री आडवी उचलायची, बस. इथली मुलं "गुड ऑन या, मेट" अशी शाबासकी देत छत्रीखालून वाकून निघून जायची. एका टोळक्याने त्यांच्यासोबत सेल्फी काढला. कानात इअरफोन घातलेल्यांना तर ते दिसायचेसुद्धा नाहीत. थांबायची ती फक्त आपली मुलं. पांढरे केस, कोट, 'सर' हा शब्द. झालं, पाय तिथेच थिजले. मोठ्यांचं ऐकावं हे आपण मुलांना कळायला लागल्यापासून शिकवतो. कोणत्या मोठ्यांचं, ते शिकवायचं राहून जातं. ऑस्ट्रेलियात एवढी वर्षं राहून या गृहस्थांचा धाक चालला तो आपल्याच चार पोरांवर, आणि त्यालाच ते विद्यापीठाची शिस्त समजायचे.

त्या पोरांपैकी एक मानसी. गिरावीनची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिची आई औषधांच्या दुकानात कामाला. गणपतीच्या ओळखीची म्हणून मानसी मला काकू म्हणायची. त्या सेमिस्टरला तिचा एक पेपर असा होता की तो वर्षातून एकदाच होतो आणि तो पास झाल्याशिवाय हॉस्पिटलमध्ये कामाला पाठवत नाहीत. तिला पाहिजे त्याच हॉस्पिटलमध्ये, लहान मुलांच्या वॉर्डात, जागा मिळाली होती. महिनाभर ती सगळ्यांना सांगत सुटली होती.

पेपर नऊचा होता. ट्रॅकवर्कमुळे, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीमुळे, ट्रेन बंद, त्याऐवजी बस, आणि बस उशिरा. नऊ वाजून वीस मिनिटांनी मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा छातीशी धरून खिडकीत उभी होते, तेव्हा मानसी बसमधून उतरून धावत येताना दिसली. फाटकातून आली तर हॉल दोन मिनिटांवर. अर्ध्या तासानंतर आत घेत नाहीत, पण तिच्याकडे अजून दहा मिनिटं होती. फाटकाशी आगटे सर होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि छत्री उचलली.

ती थांबली. काहीतरी म्हणाली, मनगटावरचं घड्याळ दाखवलं. छत्री हलली नाही. मग तिने मान खाली घातली, वळली आणि कुंपणाच्या कडेने पळत सुटली. तो रस्ता तळ्याला वळसा घालून, पार्किंगच्या टोकावरून येतो. मी खिडकी उघडून ओरडायला हवं होतं. मला वाटलं, येईल परत, कोण एवढा वळसा घालतंय. मी गठ्ठा घेऊन आत गेले.

नऊ छत्तीसला ती हॉलच्या दाराशी पोचली. केस घामाने चिकटलेले, हातात ती पारदर्शक पिशवी, त्यात दोन पेनं आणि ओळखपत्र. दारावरच्या बाईंनी नियम दाखवला. नियम आमच्याच विभागाचा होता.

दुपारी ती माझ्यासमोर बसली होती. मी चिडून विचारलं, "अगं, सरळ आत का नाही घुसलीस?"

"सर उभे होते ना, काकू," ती म्हणाली. "ही सेड नो विथ द अंब्रेला. आय कुडन्ट जस्ट वॉक पास्ट हिम."

आम्ही अपील केलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, समितीपुढे एवढंच सांगा की मी तिला अडवलं आणि ही प्रथा माझी आहे. दोन मिनिटांचं काम आहे. तिला पुन्हा पेपर देता येईल." सर छत्रीच्या मुठीवरून बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "बघू." मी मूर्ख, त्या 'बघू'वर विसंबून घरी गेले.

समितीत तीन जण होते. अध्यक्ष बाईंनी विचारलं, "डॉक्टर आगटे, ही प्रथा नेमकी काय आहे?"

"विद्यार्थ्यांमधली एक गोड समजूत," सर म्हणाले. पहिल्या आठवड्यात कोवळ्या पोरांसमोर जो माणूस याच समजुतीवर वीस मिनिटं गर्जायचा, तो! "तिचा उगम अज्ञात आहे. ती पाळावी अशी सक्ती अर्थातच कोणावर नाही."

"तुम्ही या विद्यार्थिनीला अडवलं?"

"मी तिथे उभा होतो. सकाळचं कोवळं ऊन घेत होतो."

"छत्री?"

"छत्री माझ्या हातात नेहमीच असते."

वेड पांघरून पेडगावला जाणं यालाच म्हणतात. मी हात वर केला आणि खिडकीतून जे पाहिलं ते सांगितलं. प्रथा सरांनी माझ्या खोलीत, माझ्यासमोर रचली हेही सांगितलं. अध्यक्ष बाईंनी पुस्तिका उघडली. "इथे लिहिलंय, आरंभीच्या काळापासून," त्या म्हणाल्या. मग शेवटचं पान उलटलं. "आणि हे टाइप तुम्हीच केलंय." त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांच्यापुढे एक छापील पुस्तिका होती आणि एक चिडलेली बाई होती. अपील फेटाळलं गेलं. मानसी मला आणि सोबत आलेल्या आईला थँक यू म्हणाली. सरांकडे तिने पाहिलं नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये सर माझ्या बरोबरीने चालू लागले. "वर्षाताई, विद्यार्थी येतात, जातात," ते म्हणाले. "संस्था राहिली पाहिजे."

"सर, ते फाटक वासरांचं आहे," मी म्हटलं. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंसुद्धा बोलले नाही. मेल करायचे, तेही दोन ओळींचे.

मानसीची हॉस्पिटलची जागा दुसरीला गेली. ती वर्षभर आईच्या दुकानात गल्ल्यावर बसली, पेपर पुन्हा दिला, पास झाली, मग तिसरं वर्षही पुरं केलं. पदवीदानाच्या दिवशी सर लाल किनारीचा झगा घालून फाटकाशी उभे होते. आता तो सोहळाच झाला होता: छत्री खाली, फाटक उघडं, एकेक पदवीधर त्यातून जाणार, आईबाप फोटो काढणार. मानसीची पाळी आली. सरांनी तिला ओळखलं नाही. हसून, झुकून त्यांनी हात पुढे केला. मानसी रांगेतून बाहेर पडली आणि उंच टाचांचे बूट हातात घेऊन, झगा सावरत, कुंपणाच्या कडेने चालत गेली. तळ्याला वळसा घालून, पार्किंगच्या टोकावरून, त्याच रस्त्याने. तिचे आईवडील फोन हातात धरून बघत राहिले. पंचवीस मिनिटांनी ती आमच्यापाशी आली आणि म्हणाली, "डन."

सरांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलायची संधी साधली. त्यांचे डोळे भरून आले होते. "पाहिलंत? पदवी मिळाली तरी फाटकातून जायला धजावली नाही. केवढा आदर!" मला तेव्हा हसू आलं नाही, रडूही आलं नाही. शिसारी आली.

पुढे सर निवृत्त झाले, बॅरीही गेला क्वीन्सलँडला बहिणीकडे. आणि मग तो कॅम्पसच गेला. जमीन घरं बांधायला दिली आणि विद्यापीठ स्टेशनाजवळच्या काचेच्या उंच इमारतीत गेलं. तळं नाही, गवत नाही, लिफ्ट आहेत. गोठ्याची शेवटची भिंत बुलडोझरने एका सकाळीत पाडली. तिचा फोटो काढायलाही कोणी नव्हतं. फाटक मात्र जपून आणलं. तळमजल्याच्या लॉबीत दोन खांबांच्या मधे ते उघडंच बसवलंय, दोन्हीकडे दोर, शेजारी पितळी पाटी: 'आरंभीच्या काळापासून'. माझंच टाइप केलेलं वाक्य.

इमारतीचं उद्घाटन होतं त्या दिवशी सर आले होते. वाकले होते, कोट खांद्यांवरून ओघळत होता, छत्री आता काठी म्हणून टेकत होते. ते सरळ फाटकाशी गेले. जांभळ्या टीशर्टमधली एक स्वयंसेवक मुलगी लगबगीने पुढे आली.

"सॉरी, सर. आर यू अ ग्रॅज्युएट ऑफ धिस युनी?"

त्यांनी 'युनी' दुरुस्त केलं नाही. पदव्या त्यांच्या पुण्याच्या आणि मुंबईच्या. "नो," ते म्हणाले.

"देन यू हॅव टु गो अराउंड. इट्स अ ट्रॅडिशन."

"सिन्स व्हेन?"

"फॉरेव्हर, आय थिंक," ती म्हणाली.

सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला शोधून काढलं. "ऐकलंत, वर्षाताई? फॉरेव्हर."

मी त्या मुलीला म्हटलं, हे वासरांचं फाटक होतं, एका डेअरीतलं. ती खळखळून हसली. "यू आर हिलेरियस," म्हणाली.

सर वळले आणि स्वतःच्या फाटकाला वळसा घालू लागले. दोराच्या बाहेरून, कॉफीच्या स्टॉलमागून, उतारावरून खाली आणि पुन्हा वर. मी थांबून पाहत होते. मला वाटलं होतं, निदान इथे तरी या माणसाला कुठेतरी काहीतरी टोचेल. छे. चेहऱ्यावर असं समाधान की जणू देवळाला प्रदक्षिणाच घालतायत. पलीकडे पोचल्यावर ते फाटकाकडे तोंड करून उभे राहिले.

तेवढ्यात बाहेरून एक मुलगी धावत आली. आपल्यातलीच, सतरा-अठरा वर्षांची, हातात पारदर्शक पिशवी, पिशवीत पेनं आणि ओळखपत्र. लिफ्ट फाटकाच्या पलीकडेच होती आणि तिचं दार उघडं होतं. सरांनी तिला पाहिलं. सवयीने त्यांची छत्री जमिनीवरून उचलली गेली, आडवी. मुलगी थांबली. तिने पाटी पाहिली, पांढरे केस पाहिले आणि तिचा पाय कॉफीच्या स्टॉलकडे वळला.

मी पुढे झाले, छत्रीचं टोक धरलं आणि खाली दाबलं.

"सरळ ये गं," मी ओरडले. "वासरांचं फाटक आहे ते. ये."

लॉबीतले सगळे बघत होते. मुलगी माझ्याकडे बघत होती. सर छत्री सोडवून घ्यायला पाहत होते, पण त्यांच्या हातात आता जोर राहिला नव्हता. "वर्षाताई, काय करताय हे," ते हळूच म्हणाले.

मुलगी फाटकातून आली, माझ्या शेजारून धावली आणि दार मिटायच्या आत लिफ्टमध्ये शिरली.